दरवाजे आपोआप कोण उघडतं?

शाळेच्या सहलीत भाटघरच्या भिंतीजवळ उभं असताना सरांनी सांगितलं होतं, की पाणी ठरावीक पातळीला आलं की इथले दरवाजे आपोआप उघडतात. बटण कोण दाबतं, असं मी विचारलं आणि वर्ग हसला. ते उत्तर शोधत पुढे मी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांपर्यंत पोचले.

१८६० साली म्हैसूर संस्थानात जन्मलेले विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झाले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, धुळे, सक्खर करत ते पुण्यात आले. खडकवासल्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई. भिंत न वाढवता त्यांनी तिथे स्वयंचलित दरवाजे बसवले. पूर चढला की तोलावर उघडायचे, ओसरला की मिटायचे. साठा सुमारे पाव हिश्श्याने वाढला. पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी कामात लावलेला शोध म्हणून त्यांनी मानधन नाकारलं.

मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. भाटघरचं पाणी नीरा कालव्याने खाली बारामतीकडे जाई. मोजक्या गावांतला ऊस ते पिऊन टाकी. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली: जमिनीचे गट पाडायचे, ऊस मर्यादित ठेवायचा, बाकी गटात कमी पाण्याची पिकं घ्यायची, म्हणजे जास्त गावांना पाणी पोचतं. बागायतदारांनी आधी विरोध केला. त्यांनी समजावून सांगितलं, आणि पद्धत टिकली.

वरची पदं इंग्रजांसाठीच राखीव, हे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. ते हयात असतानाच, १२ जुलै १९६१ ला, आपल्या वेल्ह्यातलं पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं. १४ एप्रिल १९६२ ला ते वारले.

आपल्या भोर-वेल्ह्याने धरणांसाठी जमिनी दिल्या. तरी उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर आजही टँकर येतो. त्यांनी कालव्याखालच्या गावांचा हिशेब मांडला. वरच्या गावांचा मांडायचा राहिला आहे. आपल्या बॅचमधून कितीतरी इंजिनिअर झाले, काही शासनात आहेत. तो हिशेब आता आपल्याकडे आहे.