देहदुःखाची परीक्षा : स्वामी कुवलयानंद यांचे चरित्र

स्मरणास बसलेल्या साधकाचे चित्त प्रथम ढळविणारी वस्तू बहुधा दूरची नसते. ती त्याच्याच गुडघ्यात, कंबरेत किंवा मानेत असते. नित्यविधीसाठी आसन घालावे, गाठी हाती घ्यावी, आणि घटकाभरात पाय बधिर व्हावा, पाठीत कळ यावी, अंगास खाज सुटावी, डोळ्यांवर गुंगी यावी, हा अनुभव नवदीक्षित भिक्षूस येतो, वृद्ध तपस्विनीस येतो आणि दिवसभर कचेरीत खुर्चीवर बसून सायंकाळी घरी परतलेल्या वासनिकासही येतो. या दुःखाचे करावे काय, याविषयी साधकांत तीन प्रकारची भूल आढळते. कोणी त्यास तप समजून देहास इतके ताणतो की पुढे भिक्षाटनही कठीण होऊन बसते. कोणी त्यास कंटाळून विधीच सोडतो. आणि कोणी अंगातील मुंग्या, उष्णता वा कंप यांनाच कृपेचे चिन्ह मानून स्मरण सोडून त्या संवेदनांचीच वाट पाहत बसतो. तिन्ही ठिकाणी परिणाम एकच. चित्त परमेश्वराकडून निघून देहाकडे येते.

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, तो आपल्या संप्रदायातील नव्हे. तथापि देहाच्या बाबतीत परीक्षकवृत्ती कशी असावी, हे त्याच्या चरित्रावरून उत्तम रीतीने समजते. तो पुरुष म्हणजे स्वामी कुवलयानंद होत.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घराणे मराठी आणि परिस्थिती गरिबीची होती. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. मुलाची बुद्धी तीव्र होती. १९०३ साली प्रवेशपरीक्षेच्या वेळी त्यांना संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढे बडोदे महाविद्यालयात शिकून १९१० साली ते पदवीधर झाले. अरविंद घोष त्या काळी त्याच महाविद्यालयात अध्यापक म्हणून राहून गेले होते, आणि लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रकार्याचे वारे सर्वत्र वाहत होते. विद्यार्थिदशेतच जगन्नाथपंतांनी आजन्म ब्रह्मचर्य व लोकसेवा यांचे व्रत घेतले आणि ते अखेरपर्यंत पाळले.

१९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. आखाड्यात शिकलेल्या मनुष्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. श्रमाची वेदना निराळी आणि इजेची वेदना निराळी. पहिली विश्रांतीने शमते व बळ देऊन जाते. दुसरी दडपली असता वाढते. योगमार्गात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांना देहाची ही पाठशाळा लाभली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शिक्षण संपल्यावर ते खानदेशात आले. अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत १९१६ ते १९२३ पर्यंत त्यांनी भारतीय संस्कृतीचे अध्यापन केले, व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले. याच काळात, १९१९ साली, नर्मदातीरावरील मालसर येथे त्यांना परमहंस माधवदासजी यांचे दर्शन घडले. हे योगी मूळचे बंगालचे व अतिवृद्ध होते. त्यांच्यापाशी राहून जगन्नाथपंतांनी योगाभ्यास केला आणि स्वतःच्या देहावर त्याचा परिणाम अनुभवला. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला.

येथून या चरित्राचे मुख्य वळण सुरू होते. गुरूकडून मिळालेला अभ्यास करीत राहणे व शिष्यांस तोच देणे, हा परंपरेचा सरळ मार्ग होता. जगन्नाथपंतांनी तोही सोडला नाही. परंतु अभ्यासात देहास जे जे होते ते का होते, हा प्रश्न त्यांनी श्रद्धेच्या पडद्याआड राहू दिला नाही. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने योगक्रियांची तपासणी आरंभिली. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी उदरात काय घडते, हे क्ष-किरणांच्या आधारे व दाबमापनाने पाहिले गेले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, आणि म्हणूनच पाणी आत ओढले जाते, असे आढळून आले. योगी ज्यास केवळ सिद्धी समजत, तिच्यामागे देहाचा साधा नियम होता. या पोकळीस त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ माधवदासजींचे नाव दिले. देहाचा व्यापार उलगडल्याने त्यांची गुरुभक्ती उणावली नाही, हे यावरून दिसते.

१९२४ साली लोणावळे येथे त्यांनी कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. त्यात एका बाजूस अभ्यासाचे विवेचन आणि दुसऱ्या बाजूस प्रयोगांची मोजमापे असत. रक्तदाब, श्वासातील वायूंचे प्रमाण, उदरातील दाब अशा गोष्टींची नोंद योगविषयक नियतकालिकात छापली जावी, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. प्राणायामाने शरीरास पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, या लोकप्रिय समजुतीसही त्यांनी मोजमापाची कसोटी लावली. जे कसोटीस उतरेल ते ठेवावे आणि जे न उतरेल त्याचा आग्रह धरू नये, ही त्यांची रीत होती.

आश्रम डोंगरावर असला तरी रोगी व जिज्ञासू बहुसंख्येने मुंबईचे होते. म्हणून १९३२ साली मुंबईच्या उपनगरात सांताक्रूझ येथे कैवल्यधामाची शाखा उघडण्यात आली. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची आगगाडी धावू लागली होती, आणि उपनगरांत राहून शहरात नोकरीस जाणारा एक नवा वर्ग तयार होत होता. या भागास योगाचा परिचय त्याआधीही होता. माधवदासजींचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली अंधेरीनजीक वेसावे येथे योगसंस्था स्थापिली होती, व तीही पुढे सांताक्रूझ येथे स्थिरावली. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी गिरिकंदरांतील विद्या उपनगरातील गृहस्थाच्या दारी आणली. कैवल्यधामाची मुंबई शाखा १९३६ साली चौपाटीनजीक समुद्रकिनारी गेली व ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने चालू राहिली.

गृहस्थ शिष्यांमुळे देहदुःखाचा प्रश्न अधिकच स्पष्ट होतो. अरण्यातील योग्याचे अंग बालपणापासून जमिनीवर बसण्यास वळलेले असते. खुर्चीवर बसणाऱ्या मनुष्याचे नितंबसंधी आखडलेले असतात. तो मांडी घालू लागला म्हणजे जे वळण नितंबसंधीत व्हावयाचे ते गुडघ्यावर येते, आणि गुडघा हा मुख्यतः दुमडण्यासाठी असून पिळवटण्यासाठी नाही. कंबर मागे ढळते, पाठीस बाक येतो, व ते वजन तोलून धरताना पाठीचे स्नायू थकून दुखू लागतात. घोट्याखाली वा गुडघ्याच्या बाहेरील अंगास मज्जातंतू दाबला गेला की पायास मुंग्या येतात व तो बधिर होतो. यात पापपुण्याचा काही संबंध नाही.

स्वामींनी ध्यानोपयोगी आसने म्हणून पद्मासन, सिद्धासन, स्वस्तिकासन व समासन या चारांचे विवेचन केले, आणि शरीरसंवर्धक आसनांहून त्यांचा वर्ग निराळा मानला. ध्यानासनाचा हेतू देहास कसरत घडविणे हा नसून देहास विसरता येईल अशी त्याची मांडणी करणे हा आहे. कणा सरळ राहिला म्हणजे उदरातील अवयवांवर दाब येत नाही. पाया रुंद व स्थिर असला म्हणजे तोल राखण्यास स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. श्रम कमी झाले म्हणजे रक्तातील दूषित वायू कमी निर्माण होतो, हृदय व फुप्फुसे यांचे काम हलके होते, आणि श्वास आपोआप सूक्ष्म होतो. अशी त्यांची उपपत्ती होती. यावरून फलित असे निघते की, जे आसन घातल्याने श्वास जड होतो, जबडा आवळतो आणि मन वेळ मोजू लागते, ते शास्त्रात कितीही थोर म्हटले असले तरी त्या साधकास त्या दिवशी ध्यानासन नव्हे.

पतंजलीच्या योगशास्त्रातही हाच विवेक आहे. चित्तविक्षेपाची कारणे सांगताना तेथे व्याधीस प्रथम स्थान दिले आहे, आणि विक्षेपाच्या सोबत्यांत दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप व श्वासाची विषमता यांची गणना केली आहे. म्हणजे अंगाचा कंप हे त्या शास्त्रात प्राप्तीचे चिन्ह नसून विक्षेपाचा सोबती आहे. आसनाची सिद्धी तेथे प्रयत्न शिथिल करण्याने सांगितली आहे, प्रयत्न वाढविण्याने नव्हे. अभ्यासात झटके नकोत, ओढाताण नको, शक्तीबाहेर काही करू नये, असे स्वामी सांगत त्याचा आधार हाच होय.

१९२७ साली महात्मा गांधींना रक्तदाबाच्या विकाराने अंथरूण धरावे लागले, तेव्हा त्यांनी स्वामींचा सल्ला घेतला. उभयतांत पत्रव्यवहार झाला, आणि सांगितलेल्या क्रियांचा देहावर काय परिणाम होतो, हे गांधीजी कळवीत राहिले. देशाच्या नेत्याने आपल्या देहाची वार्ता अतिशयोक्तीवाचून द्यावी व योग्याने ती वैद्याप्रमाणे ऐकावी, असा हा व्यवहार होता. साधक व मार्गदर्शक यांच्यामध्ये तो सर्वत्र असावयास हवा. लाजेस्तव दुःख लपविणारा शिष्य आणि न विचारताच सोसण्याची आज्ञा करणारा मार्गदर्शक, दोघेही विधीची हानी करतात.

उत्तरायुष्यात स्वामींनी लोणावळ्यास योगशिक्षणाचे महाविद्यालय उभारले, आणि १९६१ साली तेथे योगोपचाराचे रुग्णालय सुरू झाले. डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेला योगोपचारावरील त्यांचा ग्रंथ १९६३ साली केंद्रीय आरोग्य खात्यामार्फत प्रसिद्ध झाला. त्यात केवळ आसने नसून यमनियमांनी मनोवृत्ती शुद्ध करण्यासही उपचाराचे अंग मानले आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला. मागे प्रयोगशाळा, रुग्णालय, ग्रंथालय व शिष्यपरंपरा राहिली.

या चरित्रातून आपल्या साधकांनी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे स्पष्ट असले पाहिजे. आसनजयाने किंवा प्राणनिरोधाने मोक्ष होत नाही. परमेश्वराचे ज्ञान व त्याची अनन्यभक्ती हाच जीवाच्या उद्धाराचा मार्ग होय. म्हणून योगक्रिया हे आपले साध्यही नव्हे आणि मुख्य साधनही नव्हे. परंतु स्मरण याच देहाने घडावयाचे आहे. लीळाचरित्रात भक्तजनांच्या आजारपणाचे व त्यांची आस्थेने घेतलेल्या काळजीचे प्रसंग ठिकठिकाणी आले आहेत. सर्वज्ञांनी ज्यांची दुखणीखुपणी उपेक्षिली नाहीत, त्यांच्या अनुयायांनी देहपीडा लपविणे किंवा तिचा अभिमान वाहणे शोभत नाही.

तेव्हा स्मरणास बसताना दुःख उद्भवले असता प्रथम त्याची परीक्षा करावी. खाज, किंचित अस्वस्थता, हलकी मुंगी ही आली तशी जाते. तिच्याकडे लक्ष न देता नामावर लक्ष द्यावे. पाठ थकली तर कंबरेखाली घडी केलेले कांबळे घेऊन बैठक उंच करावी, म्हणजे कणा सहज सरळ राहतो. पाय बधिर झाला तर मांडी बदलावी, आणि संवेदना पूर्ण परत आल्यावाचून उभे राहू नये, नाहीतर पडून हाड मोडण्याचा संभव असतो. गुडघ्यात सुरीसारखी कळ आली तर ती सोसू नये. आसन तत्काळ सोडावे. उठल्यावरही बधिरपणा टिकून राहत असेल, पायातील शक्ती कमी होत असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर वैद्यास दाखविण्यास विलंब करू नये. वृद्धांनी खुर्चीवर किंवा भिंतीच्या आधाराने बसून स्मरण केले तर त्यात उणेपणा नाही. उष्णता, कंप, प्रकाश इत्यादी भासले तर त्यांचा हर्षही मानू नये व भयही बाळगू नये. ते देहाचे व मनाचे व्यापार होत. ते वारंवार होऊन त्रास देत असतील तर मार्गदर्शकास सांगावे.

मांडी बदलल्याने स्मरण मोडत नाही. मांडीच्या चिंतेत नाम सुटले तर मात्र ते मोडते. स्वामी कुवलयानंदांनी देहाची परीक्षा आयुष्यभर केली ती देहास थोर ठरविण्यासाठी नव्हे, तर त्याची अडचण ओळखून ती दूर करण्यासाठी. एवढा विवेक त्यांच्यापासून घेतला, आणि मोकळे झालेले चित्त ज्याचे आहे त्याच्या चरणी लाविले, म्हणजे या चरित्राच्या वाचनाचे सार्थक झाले.