मुक्तिसंग्रामाचा संन्यासी सेनानी

आज १७ सप्टेंबर. जालना शहरात सकाळी ध्वजवंदन होईल, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल, आणि औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या मात्र नित्याप्रमाणे धगधगत राहतील. लोखंडाच्या सळया ओढणाऱ्या त्या कारखान्यांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले सहस्रावधी कामगार राबत आहेत. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला हे त्यांना ठाऊक आहे. मग या भूमीला स्वातंत्र्याचा दुसरा दिवस कशासाठी, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला तर तो अगदी स्वाभाविक होय. येथेच जन्मलेल्या तरुण पिढीलाही त्याचे उत्तर नीट देता येत नाही, ही त्याहून चिंतेची गोष्ट आहे. ते उत्तर ज्या एका पुरुषाच्या आयुष्यात सामावलेले आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांचे स्मरण म्हणूनच आज कर्तव्य ठरते.

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. सोलापुरात शिकत असताना असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढील शिक्षण राष्ट्रीय शाळांतून व पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पुरे केले. त्यानंतर काही काळ ते कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे सहायक होते. हिंदी मजुरांच्या संघटनेचे बाळपण त्यांनी जवळून पाहिले. औद्योगिक वसाहतीतील वाचकांनी चरित्राचा हा भाग विशेषत्वाने ध्यानात ठेवावा. पुढे प्रकृतीने दगा दिला आणि ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होऊन आले. तेथेच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली व नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाची धुरा वाहिली.

एखादी शाळा चालविणे हे त्या काळच्या निजामी राज्यात किती धाडसाचे होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या या संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू. खाजगी शाळेला परवानगी हवी, सभेला परवानगी हवी. 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध हुकुमाने तर जाहीर सभेचा मार्गच जवळजवळ बंद केला होता. इंग्रज सरकारचे संरक्षक छत्र निजामाच्या माथ्यावर असल्यामुळे रयतेवर दुहेरी दास्याचे जोखड होते. अशा वातावरणात महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे. शिक्षण आणि समाजसुधारणा यांची भाषा बोलत बोलत राजकीय हक्कांचा उच्चार करणाऱ्या त्या चळवळीचा हा आरंभ आपल्याच अंगणात झाला.

१९३८ साली स्वामीजींनी शिक्षकी सोडली आणि ते पूर्णवेळ राजकारणात उतरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची स्थापना होण्याआधीच बंदी आली होती. ती मोडण्यासाठी २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला व स्वामीजींना अठरा महिन्यांची सजा झाली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेले विद्यार्थी नागपूरला गेले. १९४० आणि १९४२ साली स्वामीजी पुन्हा बंदिवासात होते. बंदी उठली ती १९४६ मध्ये. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला नांदेड जिल्ह्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली आणि पुढील दिवस कसे असणार याची चाहूल लागली.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने स्वामीजींनी ७ ऑगस्ट हा दिवस भारतात सामील होण्याच्या मागणीसाठी पाळण्याचा आदेश दिला. सारा देश १५ ऑगस्टचा उत्सव करीत असता त्यांना मात्र अटक झाली. नोव्हेंबरातील 'जैसे थे' कराराच्या सुमारास ते सुटले. २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा गजाआड झाले. बाहेर कासीम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या, करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले, उमरीच्या बँकेतील रक्कम लढ्यासाठी नेण्यात आली. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदी सहकाऱ्यांनी हे काम चालविले. गांधीमार्गी संन्यासी ज्या संघटनेचा अध्यक्ष, तिनेच शस्त्र हाती धरावे, हा विरोधाभास खरा. पण जेथे सभेचा शब्दही गुन्हा ठरतो, तेथे लढ्याचे साधन निवडण्याचे स्वातंत्र्य प्रजेकडे कितीसे उरते? जालन्याचे हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर याच काळात कामी आले. मराठवाड्यात बियाणे उद्योगाचा पाया घालणारे जालन्याचे बद्रीनारायण बारवाले हेही तरुणपणी या लढ्यात होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून निघालेल्या मुख्य तुकडीने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. पश्चिमेकडून मेजर जनरल ब्रार यांची फौज औरंगाबादवरून आली आणि १५ सप्टेंबरला जालना मोकळे झाले. १७ तारखेस निजामाने हार मानली. फौजांचे हे काम पाच दिवसांचे, हे खरे; तथापि त्या पाच दिवसांना प्रजेने किमान दहा वर्षे मशागत केली होती, हे विसरणे अन्यायाचे होईल.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उच्चार टाळता येणार नाही. हा लढा राजाच्या जुलमाविरुद्ध होता, मुसलमानांविरुद्ध नव्हता. विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी खून केला. वृत्तपत्राच्या धंद्यातील आम्हां सर्वांचे ते हुतात्मे आहेत. उलट, विजयानंतर मराठवाड्यातही निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला, आणि तो अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांच्या दृष्टीआड राहिला. रझाकारांचे अत्याचार सांगावेत व हे झाकावे, यात मुक्तिसंग्रामाचा गौरव नाही.

विजयानंतर स्वामीजींनी सत्तेचे आसन घेतले नाही. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादेहून ते लोकसभेवर गेले. पण त्यांचे खरे कार्य निराळेच होते. ज्या संस्थानाच्या मुक्तीसाठी तुरुंग भोगला, ते संस्थानच भाषावार विभागून विसर्जित करावे, असा आग्रह त्यांनी धरला. स्वतःच्या प्रभावाचे क्षेत्र आपण होऊन मोडावयास सांगणारा पुढारी विरळा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे घडले, आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत स्वामीजींनी देह ठेवला. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

नाव देणे सोपे असते. ज्यासाठी ही माणसे झिजली, ते हक्क चार शब्दांत सांगता येतात: शिकण्याचा, बोलण्याचा, एकत्र जमण्याचा, आणि धर्म वा भाषा न पाहता समान नागरिक म्हणून जगण्याचा. परप्रांतातून आलेल्या ज्या कामगाराला येथील भाषा येत नाही, त्यालाही ते तितकेच लागू आहेत. आजच्या मानवंदनेनंतर कारखान्याच्या दारात त्याला हा इतिहास त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितला, तर त्या जुन्या मुख्याध्यापकाला याहून उचित श्रद्धांजली नाही.