ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. लहान मुलाला इतरांबरोबर वागण्या-बोलण्याचे वळण एकट्या शाळेतून लागत नाही, त्यासाठी घरातील मोठ्या माणसांचाही सहभाग लागतो, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्ष कार्यातून रुजवले. अंगणवाडी ही संकल्पना त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आली.

पूर्वायुष्य

ताराबाईंचा जन्म मुंबईत केळकर कुटुंबात झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे अनुयायी असल्याने घरातील वातावरण सुधारकी होते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला व काही काळ त्यांचे वास्तव्य वऱ्हाडात होते. १९२१ मध्ये हे दांपत्य विभक्त झाले. त्यानंतर राजकोट येथील बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाची धुरा त्यांनी सांभाळली.

भावनगर येथील कार्य

१९२३ मध्ये ताराबाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून दाखल झाल्या. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील श्रमिकांच्या वस्तीत, मुलांचे आईवडील राहत असलेल्या इमारतीतच आपले पहिले बालगृह उघडले होते. त्यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचे काम गिजुभाई व ताराबाई यांनी केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या 'शिक्षण पत्रिका' या मासिकाच्या मराठी आवृत्तीद्वारे ताराबाईंनी बालसंगोपनाचे विचार शिक्षकांबरोबरच पालकांपर्यंतही पोहोचवले. 'बालकांचा हट्ट', 'बालविकास व शिस्त' ही त्यांची पुस्तके याच विषयांवर आहेत. मुलाच्या हट्टामागील कारण शोधावे, मार व धाक टाळावा आणि मोठ्यांनी आधी स्वतःची वागणूक तपासावी, अशी त्यांची भूमिका होती.

दादर ते कोसबाड

१९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तथापि शहरी मध्यमवर्गापुरते मर्यादित राहिलेले बालशिक्षण त्यांना अपुरे वाटू लागले. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीतील दलित व आदिवासी वस्त्यांमधील मुले बालवाडीत येत नसत. पालक दिवसभर मजुरीवर असत आणि शाळेविषयी त्यांना परकेपणा वाटे. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. शिक्षिका तेथे जाऊन मुलांना स्वच्छ करीत, गाणी व गोष्टी सांगत आणि शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंचा शैक्षणिक साधन म्हणून उपयोग करीत. रांगेत बसणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वस्तू वाटून घेणे हे सारे घरच्या माणसांच्या नजरेसमोर घडू लागले. त्यामुळे शिकवण्याची ही रीत त्यांनाही पाहता आली.

मोठ्या भावंडांना लहानग्यांना सांभाळावे लागे व त्यांची शाळा बुडे. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' आकारास आली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोगही येथे झाला.

सन्मान व वारसा

भारत सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण या किताबाने गौरविले. त्यांच्या निधनानंतर अनुताईंनी कोसबाडचे कार्य पुढे चालविले. २ ऑक्टोबर, १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्यासारख्या ग्रामीण तालुक्यांतही हा शब्द आज घरोघरी परिचित आहे.

ताराबाईंचे कार्य सर्वसाधारण बालकांसंबंधी होते. लिओ कॅनर यांनी बालपणातील स्वमग्नतेचे वर्णन १९४३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केले, परंतु ताराबाईंच्या कार्यक्षेत्रात हा विषय नव्हता. तरीही त्यांच्या विचारातील एक सूत्र या मुलांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरते. नजरेला नजर देणे, नमस्कार करणे, खेळात आपली पाळी ओळखणे यांसारखी सामाजिक कौशल्ये स्वमग्न मुलाला अनेकदा लहान लहान पायऱ्यांनी शिकवावी लागतात. एका ठिकाणी शिकलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी वापरणे त्याला कठीण जाऊ शकते. म्हणूनच आज अशा प्रशिक्षणात पालकांना सहप्रशिक्षक मानले जाते आणि वर्गातील सराव घरी, शेजारी व बाजारातही चालू ठेवण्यास सांगितले जाते. घर व शाळा यांतील अंतर कमी करण्याचा ताराबाईंनी अंगणात केलेला प्रयत्न या दृष्टीने आजही उपयुक्त ठरतो.