विनोबांची पदयात्रा

विनायक नरहरी भावे, म्हणजेच आचार्य विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. दूरवर फिरणे आणि वाचन करणे हे त्यांचे बालपणापासूनचे छंद. पुढे पोटाच्या व्रणाने त्यांची प्रकृती क्षीण झाली, तरीही १९५१ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, ते पवनारहून पायीच तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी त्यांच्याजवळ ८० एकर जमीन मागितली. तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. येथूनच भूदानयज्ञाचा आरंभ झाला.

त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा गावोगाव हिंडले. पहाटेच्या अंधारातच ते झपाझप चालू लागत. मुक्कामी सभा होत, लोकांची गाऱ्हाणी ऐकावी लागत. परंतु त्यांचे अध्ययन कधी खंडित झाले नाही. त्यांचे ‘कुराण-सार’ हे संकलन १९६२ साली, यात्रा चालू असतानाच, प्रसिद्ध झाले. १९६४ साली ते पवनारला परतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

मुलांनो, प्रवासाला निघालो म्हणून व्यायाम व वाचन घरी ठेवावे लागत नाही, हे विनोबांनी आचरणाने दाखविले.