ताऱ्यांची वाट मोजणारे मास्तर

अंतराळ म्हटले की आपल्याला गागारिन, आर्मस्ट्राँग आणि आपले राकेश शर्मा आठवतात. आज मात्र एका शाळामास्तरांची ओळख करून द्यायची आहे.

कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म १८५७ साली रशियातील इझेव्स्कोये या गावी झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. पुढे आई वारली. वर्गात शिकवलेले ऐकूच येईना, म्हणून शाळाही सुटली. १८७३ मध्ये वडिलांनी त्यांना मॉस्कोला पाठवले. तेथे तीन वर्षे ते सार्वजनिक ग्रंथालयात बसून स्वतःच गणित आणि भौतिकशास्त्र शिकले. घरून आलेले पैसे पुस्तकांवर आणि प्रयोगांच्या सामानावर जात; जेवण म्हणजे काळा पाव. (पालकांनी काळजी करू नये, हा भाग अनुकरणासाठी नाही! त्यांच्या वडिलांनीही प्रकृतीची वार्ता कळताच मुलाला परत बोलावून घेतले.)

१८७९ मध्ये ते शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. आधी बोरोव्स्क, मग १८९२ पासून कालुगा येथे त्यांनी शिकवले. ऐकण्यासाठी पत्र्याचे कर्णे त्यांनी घरीच बनवले. शाळा सुटल्यावर संशोधन चाले. १९०८ साली ओका नदीचा पूर घरात शिरला आणि कागदपत्रांची नासाडी झाली, तरी काम थांबले नाही.

त्याआधीच, १९०३ मध्ये, त्यांचा तो प्रसिद्ध लेख छापून आला होता. द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळून रॉकेट अवकाशात जाऊ शकेल, हे त्यांनी गणिताने दाखवले. २०२३ मध्ये चांद्रयान-३ नेणाऱ्या आपल्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात हेच इंधन होते.

त्यांची दृष्टी मात्र चंद्रापाशी थांबणारी नव्हती. १९२६ साली त्यांनी अंतराळप्रवासाचा टप्प्याटप्प्यांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सूर्य विझू लागेल तेव्हा माणसाने दुसऱ्या सूर्यांकडे जावे, असा फार पुढचा टप्पाही होता.

आता गंमत पाहा. या वाटेवरची सर्वांत मोठी अडचण त्यांच्याच सूत्रात आहे. वेग बेरजेने वाढतो, पण वजन गुणाकाराने! हायड्रोजन जळून निघणारा वायू सेकंदाला सुमारे ४.५ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. रॉकेटला त्याच्या दहापट वेग द्यायचा, तर शेवटी उरणाऱ्या प्रत्येक किलोमागे आरंभी २२ टन वजन लागते. आणि एवढे करूनही सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, २८ हजार वर्षांच्या अंतरावर राहतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

त्सिओल्कोव्स्की यांना हे कळत नव्हते असे नाही. म्हणूनच रेडियमसारख्या पदार्थांतील शक्ती वापरता येईल का, याचा विचार त्यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच केला होता. १९२९ मध्ये एकामागून एक टप्पे जळून गळून पडणाऱ्या रॉकेटांचे गणितही त्यांनी मांडले. पृथ्वी सोडण्यासाठी ते पुरले. ताऱ्यांसाठी नवे इंधन किंवा अगदी वेगळा उपाय शोधावा लागेल, आणि तो अजून कोणाच्या हाती आलेला नाही. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे, पण त्यात माणूस नाही.

१९ सप्टेंबर १९३५ रोजी कालुगा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. १९५९ मध्ये चंद्राच्या मागच्या बाजूची पहिली छायाचित्रे आली. त्यांत दिसलेल्या एका मोठ्या विवराला या मास्तरांचे नाव दिले आहे. पृथ्वीवरून ते दिसत नाही.