तंबूची दोन दारं

आमच्या नेरूळच्या सोसायटीत दुपारी कुणाचीही बेल वाजवा, आतून कोरियन मालिकेचे आवाज येतात. माझी लेकही त्यातलीच. परवा गवार निवडता निवडता मीही तिच्याजवळ बसले. पडद्यावर एक म्हातारी आई सीमेपलीकडे राहिलेल्या मुलासाठी डोळे पुसत होती. भाषा एक, जेवण एक, मग मध्ये ही सीमा कशी आली, असं लेकीनं विचारलं. तेव्हा मला आपल्या कोल्हापूरकडचे एक सेनानी आठवले. त्याच सीमेवर, काटेरी तारांच्या गराड्यात, त्यांनी कितीतरी महिने काढले होते. ते म्हणजे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १२ ऑगस्ट १९०६, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. विलायतेत सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉची घनघोर लढाई झाली. तिथं त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचं नेतृत्व केलं आणि डीएसओ हा मानाचा किताब मिळवला. म्हणजे गोळ्यांची भीती त्यांना नव्हतीच. पण १९५३ मध्ये वाट्याला आलेलं काम अगदी उलटं होतं. हाताशी बंदुका असून त्या चालवायच्या नव्हत्या!

झालं होतं असं. जून १९५० मध्ये कोरियात भावाभावांचं युद्ध पेटलं. उत्तरेच्या मदतीला चीन आला, दक्षिणेच्या मदतीला अमेरिका आणि इतर देश. लाखो माणसं मेली. वाटाघाटी सुरू झाल्या, पण कैद्यांच्या प्रश्नावर वर्षाहून अधिक काळ अडून बसल्या. युद्ध संपलं की कैद्यांना घरी पाठवायचं, असा १९४९ च्या जिनिव्हा कराराचा नियम. इथं मात्र हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचंच नाही. कुणाला ते राज्य नको होतं. कुणाला मात्र शेजारी झोपणाऱ्या कैद्याची भीती होती. छावण्यांमध्ये टोळ्या झाल्या होत्या. घरी जायचं नाव काढणाऱ्याला मारहाण होई. कित्येकांच्या अंगावर घोषणा गोंदवल्या होत्या. तसं अंग घेऊन माणूस घरी परतणार तरी कसा?

अखेर २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली आणि असे कैदी तटस्थ देशाच्या ताब्यात द्यायचं ठरलं. तो देश भारत. पाच देशांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि छावण्या सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. मग आपल्या जवानांना बोटीवरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. त्यांच्या तळाला नाव मिळालं हिंदनगर. दक्षिणेकडून २२,६०४ कैदी ताब्यात आले, उत्तरेकडून ३५९. सांभाळायला आपले पाच-सहा हजार जवान.

सप्टेंबर संपता संपताच कसोटी आली. एका चिनी कैद्यानं घरी जाण्यासाठी कुंपण ओलांडलं. तो आम्हाला परत द्या, म्हणून बाकीचे खवळले आणि त्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून धरून ठेवलं. गोळीबार केला असता तर शेकडो मेले असते, आणि ग्रेवालही. थोरात मोजक्या सोबत्यांसह हत्याराविना आत शिरले. भोवती संतापलेला जमाव. थोरातांनी काय करावं? त्यांनी चक्क तक्रार केली, की चिनी माणसाच्या पाहुणचाराबद्दल फार ऐकलं होतं, पण इथं मला कुणी साधी सिगारेट विचारली नाही की चहा! जमाव गडबडला. सिगारेट आली, चहा आला. बोलणी झाली आणि ग्रेवाल सुखरूप बाहेर आले.

बायांनो, दारात आलेल्याला चहा विचारायचा, हा संस्कार रागावलेल्या माणसातही जागा असतो. थोरातांनी नेमकं तेच ओळखलं.

प्रत्येक वेळी असं निभावलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैदी चालून आले तेव्हा गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. त्याहून वाईट गोष्ट आतच घडत होती. घरी जाऊ इच्छिणाऱ्यांचे त्यांच्याच सोबत्यांनी खून पाडले. थोरातांच्या फौजेनं संशयितांना वेगळं काढलं आणि त्यांच्यावर रीतसर लष्करी न्यायालयात खटले सुरू केले. पण साक्षीदार होते त्याच तारांच्या आत, त्याच टोळ्यांमध्ये. जबानी द्यायला बाहेर येणार कोण? मुदत संपली आणि निकाल लागण्याआधीच आरोपींना संयुक्त राष्ट्रांच्या लष्कराकडे सोपवावं लागलं. मेलेल्यांना न्याय मिळाला नाही. जिवंत साक्षीदाराला आधी अभय लागतं, मग कायदा, हे आपल्याही गावात दिसतंच ना?

कैद्यांची समजूत घालायला तंबू उभारले होते. आत त्यांच्या देशाचे प्रतिनिधी बसत. बोलणं झालं की समोर दोन दारं. एक घराकडे नेणारं, दुसरं छावणीत परत नेणारं. नव्वद दिवस ठरले होते, पण भांडणं आणि अडवणुकीत प्रत्यक्ष काम मोजकेच दिवस झालं. बहुतेकांच्या नशिबी तो तंबू आलाच नाही. घराकडचं दार निवडणारे सहाशेच्या थोडे वरच निघाले. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी ज्याच्या त्याच्या बाजूकडे परत दिले गेले. ८८ जणांनी मात्र दोन्ही दारं नाकारली. त्यांना तिसराच देश हवा होता. ते आपल्या जवानांबरोबर बोटीनं भारतात आले. पुढे त्यांतले बरेचजण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथंच राहिले.

या कामगिरीबद्दल थोरातांना अशोक चक्र, वर्ग दोन मिळालं. आज त्यालाच कीर्ती चक्र म्हणतात. नंतर ते पूर्व विभागाचे लष्करप्रमुख झाले. चीन ईशान्येकडून कसा येईल, याचा इशारा त्यांनी १९५९ मध्येच दिला होता. दिल्लीनं तो मनावर घेतला नाही आणि १९६२ मध्ये व्हायचं ते झालं. तोवर ते निवृत्त झाले होते. ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

लेकीला हे सगळं सांगितलं, तर तिनं मालिका थांबवून विचारलं, की त्या गोंदवलेल्या मुलांच्या आयांना कुणी कळवलं का गं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. गवार तशीच राहिली होती. मी पुन्हा निवडायला घेतली.