साष्टीतील इंग्रज पाद्री : फादर स्टीफन्स

फादर स्टीफन्स यांचे नाव निघाले की ‘ख्रिस्तपुराण’ आणि त्यात केलेली मराठीची वाखाणणी एवढेच आपणांपैकी बहुतेकांस आठवते. परंतु तिशीच्या उंबरठ्यावरचा हा इंग्रज माणूस गोव्याच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा येथील बोली, अन्न, हवा सारेच त्यास परके होते. ते परकेपण त्यांनी कसे ओलांडले, ही हकिकत ग्रंथाइतकीच मोलाची आहे.

टॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन येथे झाला. वडील लंडनचे व्यापारी. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथॉलिक पंथाचा माणूस म्हणजे राजद्रोह्याच्या जवळचा. त्यांचे स्नेही टॉमस पाउंड हे पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे बंदिवासात गेली. स्टीफन्स निसटून रोमला पोचले व १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. मायदेशी परतणे म्हणजे प्राणाशी गाठ. त्यांनी हिंदुस्थान मागून घेतला.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच गलबतांचा तांडा निघाला. प्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक चालला. आफ्रिकेचे टोक वळसा घालून ओलांडल्यावर दिवस हाती उरले नाहीत, म्हणून गलबत मादागास्करच्या बाहेरच्या बाजूने हाकावे लागले. पाणी व अन्न नासले, हिरड्या सुजल्या, दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. २४ ऑक्टोबरला गोवा दिसला. १० नोव्हेंबर रोजी वडिलांस लिहिलेले त्यांचे पत्र पुढे हॅक्लुइटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. त्यात वारे, प्रवाह, मासे, पक्षी यांची बारीक नोंद आहे. रडगाणे मात्र नाही. हे पत्र वाचताना मला तरी वाटते की, हा मनुष्य आधी पाहणारा व ऐकणारा होता, उपदेशक मागाहून.

गोव्यात पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा, कोकणी ही घरादारांतली, आणि पुराणे व कथाकीर्तने यांची भाषा मराठी. स्टीफन्स यांनी तिन्ही आपल्याशा केल्या. परक्या भाषेत आधी कान तयार व्हावा लागतो, हे गाणे शिकवणाऱ्यास निराळे सांगायला नको. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला भेद इंग्रजी कानास उपजत कळत नाही. तो त्यांनी नेमका पकडला व रोमन लिपीत अक्षर जोडून दाखवला. पुराण शब्दातल्या ‘ण’साठी ‘न’चे रोमन अक्षर दोनदा. १५८३ साली भावास लिहिलेल्या लॅटिन पत्रात तर येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. विल्यम जोन्सने हीच गोष्ट मांडून कीर्ती मिळवली, ती दोनशे वर्षांनंतर.

त्यांचे उरलेले आयुष्य मुख्यत्वे साष्टीत, मडगाव-राशोलच्या परिसरात गेले. त्याच साष्टीत १५६७ च्या सुमारास शेकडो देवळे पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या प्रमुखांना मारण्यात आले. स्टीफन्स यांचे सहकारी मेले, आणि ज्यांच्यात राहायचे त्यांचेही रक्त सांडले. त्याच वर्षी होर्मुझहून कैद करून आणलेल्या राल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापाऱ्यांना जामिनावर सोडवण्यासाठीही त्यांनी खटपट केली. व्यापारी प्रॉटेस्टंट राज्यातले, पण बोली गावाकडची!

‘ख्रिस्तपुराणा’च्या जन्माची कथा ग्रंथातच आली आहे. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही द्या, असे त्यांचे मागणे. एका परीने पाहता हा ग्रंथ बळाने रिकाम्या केलेल्या जागेवर उभा आहे, आणि हे विसरून त्याचे कौतुक करणे बरे नव्हे. परंतु ती जागा भरताना स्टीफन्स यांनी लोकांच्या गळ्यावर परका छंद लादला नाही. सुमारे अकरा हजार ओव्या त्यांनी रचल्या. स्वर्गास वैकुंठच म्हटले. ओवीची खुबी अशी की, तिला ठेका असतो पण तालाचा जाच नसतो. जात्यावर, देवळात, ओसरीवर ती सारखीच चालते. एकनाथांचा देह १५९९ मध्ये पडला. हा पाद्री त्यांचाच समकालीन, आणि रचना वाचताना ते पटते.

ग्रंथ नागरी अक्षरांत निघावा ही त्यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला संघप्रमुखांना पत्र लिहून या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. जोडाक्षरांमुळे साचे शेकड्यांनी लागणार, ते कमी कसे करता येतील याचा हिशेबही त्यांनी मांडला होता. खिळे काही झाले नाहीत. १६१६ साली राशोल येथे पुराण रोमन लिपीतच छापले गेले. १६१९ मध्ये स्टीफन्स वारले. चाळीस वर्षांत इंग्लंड पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडले नाही. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ त व कोकणीचे व्याकरण १६४० त निघाले. पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या झाल्या, पण तिन्हींपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही; ग्रंथ हस्तलिखितांनी जगवला. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, तोही रोमन अक्षरांतच. पुण्यात शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ती निघाली ती १९५६ साली.